मोठ्या प्रयोगांचं कॉम्प्युटिंग बजेट मांडताना या चुका टाळा

पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रापासून गुरुत्वीय लहरींपर्यंत बरीच मोठी आकडेमोड चालते. त्यासाठीचे खर्चाचे प्रस्ताव वाचताना एक गोष्ट मला कायम खटकते. किती कोअर (प्रोसेसरमधले गणना करणारे भाग) हवेत, हे पहिल्याच पानावर असतं. डेटा कुठून कुठे जाणार, त्याच्या किती प्रती होणार आणि तो किती वर्षं ठेवायचा, हे मात्र शेवटपर्यंत सापडत नाही.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा हिशोब करून बघा. 30 अँटेनांच्या 435 जोड्या होतात आणि नोंद प्रत्येक जोडीची होते. 8,192 चॅनेल (वारंवारतेचे पट्टे), दोन ध्रुवीकरणं आणि प्रत्येक मूल्याला 8 बाइट धरले, तर एका नोंदीला सुमारे 57 एमबी लागतात. दर 8 सेकंदांनी नोंद घेतली तर आठ तासांत 205 जीबी जमा होतात, दर 2 सेकंदांनी घेतली तर 820 जीबी. दुर्बिणीचा वेळ तेवढाच, डिस्क मात्र चौपट. हा निर्णय निरीक्षक घेतो आणि डिस्कची ऑर्डर देणाऱ्याला तो सहा महिन्यांनी कळतो! शिवाय कासा या डेटा-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन करताना मूळ डेटाच्या शेजारी मॉडेल आणि दुरुस्त डेटाचे स्तंभ तयार झाले, की फाइल जवळजवळ तिप्पट होते. स्टोरेज मागताना कच्च्या डेटाचा आकडा धरू नका. काम ऐन भरात असताना लागणारी जागा धरा.

दहा लाख कोअर-तास म्हणजे वर्षभर 114 कोअर, असा सरळ भागाकार बरेच जण करतात. पण यंत्रं बंद पडतात, देखभाल असते, रांगेत फटी राहतात. 70 टक्के वापर धरला तर 163 कोअर लागतात. मेमरीही तपासा. कोअरमागे 2 जीबी असलेल्या नोडवर (क्लस्टरमधल्या एका संगणकावर) कोअरमागे 4 जीबी लागणारे जॉब चालवले, तर निम्मे कोअर नुसते बसून राहतात.

जॉब रखडले की लगेच नवे नोड मागू नका. आधी सीपीयूचा वेळ आणि घड्याळाचा वेळ यांचं गुणोत्तर काढा. आमच्याकडे एकदा ते निम्म्याच्याही खाली आलं होतं, म्हणजे सीपीयू बराच वेळ डेटाची वाट बघत होते. लाखो छोट्या फाइली एकाच सामायिक स्टोरेजवरून वाचल्या जात होत्या. त्या एकत्र बांधून नोडच्या एसएसडीवर आणल्या आणि एकही नोड न घेता रांग हलली. तेव्हा नवे नोड घेतले असते, तर त्याच स्टोरेजवर आणखी गर्दी झाली असती.

अनेक केंद्रं मिळून काम करणार असतील, तर नुसते कोअर मोजून वाटणी करू नका. जुना कोअर आणि नवा कोअर सारखं काम करत नाहीत. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ग्रिडमध्ये, म्हणजे जगभरच्या संगणक केंद्रांच्या जाळ्यात, मुंबईची टीआयएफआर आणि कोलकात्याचं व्हीईसीसी या संशोधन संस्था टियर-2 (दुसऱ्या स्तराची) केंद्रं म्हणून आहेत. तिथे क्षमता समान मापात मोजतात. आधी हेपस्पेक06 हे माप होतं, 2023 पासून हेपस्कोअर23 आलं.

नेटवर्कचा हिशोब तर अगदी सोपा आहे. 100 टीबी डेटा 1 गिगाबिटच्या लाइनवरून पूर्ण वेगानेही सव्वानऊ दिवस घेतो. क्लाउडवर चढवणं बहुधा फुकट असतं, उतरवून घेताना बिल येतं. कोटेशनमध्ये तो आकडा वेगळा मागा.

वीज म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. 10 किलोवॉटची यंत्रं वर्षभर चालली आणि कूलिंगसकट 1.6 पट वीज धरली, तर 1,40,160 युनिट होतात. पाच वर्षांत सात लाख युनिट. ही तरतूद खरेदीच्या प्रस्तावातच करा, आणि निविदा काढण्याआधी खऱ्या डेटाचा एक टक्का सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून वेळ, मेमरी आणि डिस्क मोजून घ्या.