दोन सेन्सर, एकच नोड : डिव्हाइस ट्रीतील नावांची दुरुस्ती

एका बोर्डाच्या आयटूसी बसवर (चिप जोडणाऱ्या दोन तारांच्या वाहिनीवर) तापमानाचे दोन सेन्सर होते, एक हेक्स 48 आणि दुसरा हेक्स 49 या पत्त्यावर. लिनक्स सुरू झाल्यावर मात्र 49 वरचा एकच दिसत असे. जोडणी आणि ड्रायव्हर दोन्ही तपासून झाल्यावर मी बिल्डच्या नोंदी वाचल्या, तेव्हा डिव्हाइस ट्रीतील, म्हणजे बोर्डावरील घटकांची माहिती लिनक्सला देणाऱ्या वर्णनातील, एका नोडच्या (घटकाच्या नोंदीच्या) नावातील पत्ता चुकीचा असल्याचा इशारा सापडला. तो हे वर्णन संकलित करणाऱ्या डीटीसी कंपायलरने दिला होता.

सामायिक फाइलमध्ये पहिल्या सेन्सरचा नोड ‘सेन्सर@48’ या नावाने होता. बोर्डाच्या फाइलमध्ये दुसऱ्यालाही तेच नाव होते, फक्त ‘रेग’ या पत्ता सांगणाऱ्या गुणधर्मात 49 लिहिलेले होते. एकाच पालक नोडखाली त्याच नावाचा नोड पुन्हा आला, की कंपायलर नवा नोड तयार करत नाही, तर नंतरचे गुणधर्म आधीच्या नोडवर चढवतो, आणि म्हणूनच 48 चा पत्ता पुसला गेला होता. चालू यंत्रावर लिनक्सला मिळालेली डिव्हाइस ट्री दाखवणारे ‘/प्रॉक/डिव्हाइस-ट्री’ हे फोल्डर उघडताच हे स्पष्ट दिसले.

मी दोन्ही नोडना ‘टेंपरेचर-सेन्सर@48’ आणि ‘टेंपरेचर-सेन्सर@49’ अशी नावे दिली, कारण डिव्हाइस ट्रीच्या विनिर्देशानुसार नोडचे नाव घटकाचे काम सांगणारे असावे आणि ‘@’ नंतरचा पत्ता ‘रेग’मधील पहिल्या पत्त्याशी जुळावा. चिपचे मॉडेल नोडच्या नावात घालण्याचा मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे. ते मॉडेल नोडच्या ‘कम्पॅटिबल’ या गुणधर्मात उत्पादकाच्या उपसर्गासह लिहायचे असते आणि ड्रायव्हरही सामान्यतः त्यावरूनच जुळतो. नवे बिल्ड चढवल्यावर दोन्ही सेन्सर दिसू लागले.