प्रयोग, अलंकार, नीतिशास्त्र: नुसती खूण पाठ करायची चूक टाळा

एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्या पोरांचे डाउट बघितले की विषय कुठलाही असो, चूक एकच दिसते, सगळ्यांना एखादी खूण हवी असते, म्हणजे वाक्य नीट न वाचता उत्तर टिक करता येईल.

सगळ्यात जास्त घोळ मराठी व्याकरणातल्या प्रयोगात, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं (कर्तरी), कर्माप्रमाणे बदलतं (कर्मणी) की दोघांप्रमाणेही नाही (भावे), ह्यात. कर्त्याला 'ने' दिसला की कर्मणी, हे कुठल्यातरी क्लासमध्ये ऐकलेलं असतं नी ते डोक्यातून जातच नाही. आता 'आईने मुलाला उठवलं' घ्या. मुलाच्या जागी मुलीला टाका, मुलांना टाका, 'उठवलं' जागचं हलत नाही, म्हणजे हा भावे. 'आईने भाकरी केली' मध्ये पिठलं टाकलं की लगेच 'केलं' होतं, हा कर्मणी. आणि गंमत म्हणजे 'मी भाकरी खाल्ली', इथे 'ने' औषधालाही नाही तरी कर्मणीच, कारण आंबा टाकला की 'खाल्ला' होतं, मग बोलणारा मुलगा असो की मुलगी. बरं भूतकाळ आणि कर्म दोन्ही आलं म्हणजे कर्मणी असंही नाही हं, 'तो धडा शिकला', 'ती धडा शिकली', हा सरळ कर्तरी. त्यामुळे आधी कर्ता बदलून बघा, मग कर्म.

अलंकारात तेच. 'सारखा' दिसला की उपमा ठोकायची. अरे 'बाळ सारखं रडतंय' ह्यात कसली आलीय उपमा!

यूपीएससी मेन्सला 2013 पासून नीतिशास्त्राचा 250 मार्कांचा पेपर आहे, तिथे 'कर्तव्य' शब्द आला की जर्मन तत्त्ववेत्ता कांट आणि कांटपाठोपाठ गीता, दोघांचं म्हणणं एकच असं लिहून मोकळे. कांट विचारतो की तुझा नियम सगळ्यांनी पाळावा असं तुला म्हणता येईल का. गीतेत स्वधर्म ज्याचा त्याचा वेगळा, वर तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी, कर्म कर असंही सांगितलंय. साम्य लिहा, पण हा फरक गाळू नका.

केस स्टडीत 'मी प्रामाणिक राहीन' एवढ्याने भागत नाही. ठेकेदाराने हलकं सिमेंट वापरलंय आणि बिल अडवलं तर मजुरांची मजुरी थांबतेय, तर मजुरांचं काय करणार, तपासणी कोणाकडून करून घेणार, ते लिहा ना.

आणि डाउट टाकताना अख्खं वाक्य टाका, '"खाल्ली" कोणता प्रयोग सर?' ह्याला उत्तरच नसतं.