संग्रहालय, जेवण, स्पा: शहरातल्या दोन दिवसांची तयारी

परक्या शहरात दोन दिवस मोकळे मिळाले की आपण आधी बघायच्या ठिकाणांची यादी करतो. ती बाजूला ठेवा आणि आधी बंद दिवसांची यादी करा. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं आणि त्याच शहरातलं ओर्से सोमवारी. फ्लॉरेन्सचं उफिझी सोमवारी बंद, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन बुधवारी. माद्रिदचं प्रादो आणि अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आठवड्याचे सातही दिवस उघडी असतात, पण सगळीकडे तसंच असेल असं धरून चालू नका. चित्रं विकणाऱ्या खासगी गॅलऱ्या बहुधा रविवारी आणि सोमवारी कुलूप लावतात, आणि कितीतरी चांगली रेस्टॉरंट्सही सोमवारी सुट्टी घेतात. त्यामुळे सोमवार हाती आला तर तो स्पाला देऊन टाकावा, असं माझं मत. फक्त त्या स्पाचीही साप्ताहिक सुट्टी बघून घ्या. सार्वजनिक सुट्ट्यांच्या तारखाही आताच तपासा.

मग ज्या गोष्टींची वेळ तुमच्या हातात नाही त्या नक्की करा. मिलानमध्ये लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’ बघायला एका गटाला 15 मिनिटं मिळतात आणि ती तिकिटं बरीच आधी संपतात. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत आरक्षणाशिवाय प्रवेश नाही आणि आत जेमतेम दोन तास मिळतात. अॅमस्टरडॅमच्या अॅन फ्रँक हाऊसची तिकिटं फक्त ऑनलाइन निघतात, दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची. असं एखादं तिकीट तुमच्या बेतात असेल तर तो दिवसाचा खुंटा समजा आणि बाकीचं त्याभोवती बांधा. त्यानंतर रेस्टॉरंटचं टेबल, मग स्पाची वेळ. गॅलऱ्या सगळ्यात शेवटी, कारण त्या कुठेही बसतात.

उशिरापर्यंत उघडं असण्याचे वार वहीत वेगळे लिहा. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत चालू असतं, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत, लंडनचं ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी साडेआठपर्यंत. संध्याकाळी सहलींचे गट पांगलेले असतात, त्यामुळे गर्दीच्या संग्रहालयासाठी ही वेळ मला सकाळपेक्षाही बरी वाटते. फुकट प्रवेशाचे तास ही वेगळी गोष्ट आहे. प्रादोमध्ये शेवटचे दोन तास विनामूल्य असतात, पण त्यातला बराच वेळ रांगेत जातो. ठरवून चार-पाचच चित्रं बघायची असतील तर जरूर जा. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र तिकीट काढावं.

आता संग्रहालयात नेमकं काय बघायचं ते. या टप्प्यावर कंजुषी करा. संग्रहालयात फिरून येणारा थकवा ही जुनी तक्रार आहे. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्ये त्यावर लेख लिहिला होता. काचेच्या कपाटातली वस्तू नीट दिसण्यासाठी माणसाला किती वाकावं, वळावं, ताटकळावं लागतं याचे फोटोच त्यांनी काढून ठेवले होते. कपाटं आता सुधारली, तरी फिरायचे मजले काही कमी झालेले नाहीत. 2001 मध्ये मेट्रोपॉलिटनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नावाजलेल्या चित्रांसमोरही लोक सरासरी 27 सेकंद थांबत होते, आणि निम्मे तर 17 सेकंदांच्या आतच पुढे सरकत होते. म्हणजे सगळं बघायचं ठरवलं की काहीच बघून होत नाही. नकाशा आधी उतरवून घ्या, दोन दालनं निवडा, त्यातल्या पाच-सहा कलाकृतींवर खूण करा. त्यांच्यापुढे बाक असेल तर बसा. दोन-अडीच तासांनी बाहेर पडा, तिकीट कितीही महाग असलं तरी. एका दिवसात दोन मोठी संग्रहालयं करू नका. दुसरं करायचंच असेल तर ते लहान, एकाच कलाकाराचं किंवा एखाद्याचं राहतं घर जपलेलं, असं निवडा.

ज्या एका चित्रासाठी जाताय ते सध्या भिंतीवर आहे का, हेही बघा. कागदावरची रेखाटनं, जलरंग, जुनं कापड यांना प्रकाश सोसत नाही. त्यांच्यावर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, आणि काही महिने मांडल्यावर त्यांना पुन्हा अंधाऱ्या कोठारात विश्रांती देतात. तैलचित्रं दुसऱ्या शहरातल्या प्रदर्शनासाठी उसनी जातात. मोठ्या संग्रहालयांच्या वेबसाइटवर एकेका कलाकृतीच्या पानावर ती मांडलेली आहे की नाही ते लिहिलेलं असतं. याला दोन मिनिटं लागतात. आणि आकार वाचून ठेवा. मोना लिसा 77 बाय 53 सेंटीमीटरचं चित्र आहे, काचेआड आणि कायम गर्दीपलीकडे. हे माहीत असलं की निम्मी निराशा घरीच संपते.

पिशवी लहान घ्या. मोठी सॅक बहुतेक ठिकाणी सामानघरात ठेवावी लागते आणि निघताना तिथे पुन्हा रांग असते. आत वातानुकूलन चांगलंच जाणवतं, म्हणून एक पातळ स्वेटर हवा. फ्लॅश, ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक चालत नाहीत असं धरूनच चला. चित्रं उतरवून काढायची सवय असेल तर पेन नको, पेन्सिल न्या. दालनात शाई कित्येक ठिकाणी चालत नाही. बूट नवे नकोत, हे सांगायला नकोच, तरी दरवेळी कोणीतरी नवे घालून येतंच.

गॅलऱ्यांची तयारी थोडी. प्रवेश सहसा फुकट असतो. दार बंद दिसलं तरी बेल वाजवा, ते तसंच असतं. किमती भिंतीवर नसतात, टेबलावर यादी असते, ती मागितली म्हणून कोणी तुम्हाला गिऱ्हाईक समजून गळ्यात पडत नाही. चित्राशेजारी लाल ठिपका असेल तर ते विकलं गेलंय. एकाच रस्त्यावरच्या तीन-चार गॅलऱ्या दुपारच्या तासाभरात होतात. एकेकीसाठी शहर ओलांडून जाऊ नका.

जेवणाचं टेबल ठरवताना तीन गोष्टी विचारा. आलो नाही तर किती पैसे कापणार? स्वयंपाकघर शेवटची ऑर्डर किती वाजता घेतं? (दार बंद व्हायची वेळ वेगळी असते, आणि फसगत इथेच होते.) बिलात सेवाशुल्क धरलेलं असतं का? अॅलर्जी किंवा पथ्य असेल तर ते टेबलावर बसल्यावर सांगू नका, आरक्षणाच्या वेळीच लिहा. युरोपीय संघात 14 ठरावीक अॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणं रेस्टॉरंटला बंधनकारक आहे, पण माहिती मिळणं वेगळं आणि तुमच्यासाठी पर्यायी पदार्थ तयार असणं वेगळं. नामांकित ठिकाणी जायची इच्छा आहे आणि खिसा आवळायचाय, तर दुपारी जा. तेच स्वयंपाकघर दुपारी ठरावीक थाळा रात्रीपेक्षा बराच स्वस्त देतं. मिशेलिन हे टायर बनवणाऱ्या कंपनीचं मार्गदर्शक 1900 मध्ये मोटारवाल्यांसाठी निघालं आणि 1926 पासून तारे देऊ लागलं. ते तारे ताटातल्या पदार्थांचे असतात, सजावटीचे नव्हेत. रोजच्या खिशाला परवडेल असं चांगलं जेवण हवं असेल तर त्याच मार्गदर्शकातला ‘बिब गुर्माँ’ हा शेरा जास्त कामाचा. दहा-बारा पदार्थांचा टेस्टिंग मेनू घेतलात तर तीन तास गेले असं समजा आणि त्या रात्री नाटकाचं तिकीट काढू नका. संग्रहालयातच खाणार असाल तर बाराच्या आत किंवा दोननंतर.

स्पा बहुतेकांच्या बेतात शेवटच्या दिवशी असतो. मी तो पहिल्याच दिवशी उतरत्या दुपारी ठेवेन, संग्रहालयानंतर. पाय तेव्हाच दुखत असतात. आरक्षण करताना ‘साठ मिनिटांच्या मसाज’मधली हात लागणारी मिनिटं किती, ते विचारा. कपडे बदलणं आणि फॉर्म भरणंही कधीकधी त्यातच मोजतात. मसाज बाईने करावा की पुरुषाने, दाब हलका हवा की जोरात, हे आधी सांगायला लाजू नका. फॉर्मवर गरोदरपण, रक्तदाब, हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधं हे सगळं खरं लिहा. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, गरोदर असाल, तर सॉनासाठी डॉक्टरांना विचारूनच जा. रेटिनॉलचं क्रीम लावत असाल तर फेशियलच्या काही दिवस आधी थांबवा. स्क्रब घेणार असाल तर त्याच दिवशी वॅक्स किंवा दाढी करू नका, चरचरतं.

सॉना आणि वाफेची खोली एकच समजू नका. सॉना कोरडा असतो, 70 ते 100 अंश सेल्सिअस. वाफेची खोली 40 ते 50 अंशांचीच असते, पण हवा ओलाव्याने भरलेली असल्याने घाम वाळत नाही आणि शरीराला थंड व्हायचा रस्ताच उरत नाही. म्हणून आकडा लहान दिसला तरी ती हलकी धरू नका. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मग गार पाणी अंगावर, मग बसून राहणं, मग हवं तर पुन्हा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच बाहेर. पोहण्याच्या कपड्यांचा नियम दर ठिकाणी वेगळा असतो. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या बऱ्याच सॉनांत कपडे घालून बसायला मनाई असते, तर दुसरीकडे स्विमसूट सक्तीचा. संकोच वाटत असेल तर वेबसाइटवरचा नियम घरीच वाचा, दारात उभं राहून ठरवायची ही गोष्ट नाही. दागिने खोलीवरच ठेवा, कॉन्टॅक्ट लेन्सची डबी सोबत घ्या. अर्धा तास आधी पोहोचा, कारण उशिरा गेलात तर कापली जाणारी मिनिटं तुमचीच असतात. बेत बदलायचा तर कितीतरी ठिकाणी 24 तास आधी कळवावं लागतं, नाहीतर पूर्ण पैसे जातात.

पोटभर जेवून स्पाला जाऊ नका. दोन तास आधी हलकं खा, आणि वाइन घ्यायचीच असेल तर ती रात्रीच्या जेवणाबरोबर. स्पातून सुटण्याची वेळ आणि जेवणाचं टेबल यांत किमान दीड तास मोकळा ठेवा. अंगावरचं तेल धुवायचं असतं, केस वाळवायचे असतात, भरपूर पाणी प्यायचं असतं, आणि त्या अवस्थेत कोणालाच भराभर चालायची इच्छा नसते.