मुलाची बुद्धी कुठे चालते, ते घरी कसं पाहावं

ही पद्धत साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. एक वही, काही चौरस कागद, एक दाभण (ते मोठ्यांनीच हाताळायचं) आणि महिनाभर आठवड्यातून अर्धा तास, एवढं पुरे. गुण द्यायचे नाहीत. मूल अडलं की पुढे काय करतं, ते टिपायचं.

सुरुवात कागदापासून करा. कागद मधोमध दुमडा, मग दुसऱ्या दिशेने पुन्हा मधोमध. घडीच्या मध्यभागी आरपार एक भोक पाडा. उघडण्याआधी विचारा: भोकं किती, आणि कुठे? उत्तर कोऱ्या कागदावर काढून घ्या. भोकं चार पडतात, पण 'चार' म्हणणारी मुलं सारखी नसतात. कुणी दोन दुणे चार करून आकडा सांगतं आणि जागा चुकवतं. कुणाला आकडा पटकन सांगता येत नाही, पण भोकं नेमकी जागच्या जागी काढतं. पहिल्याने हिशेब केला, दुसऱ्याने घडी मनात उलगडली. सोपं वाटलं तर भोक एका कोपऱ्याकडे सरकवा. घडी उलगडताना भोकाची बाजू उलटते, तिथेच बरीच मुलं चुकतात.

भाषेसाठी धाकट्या भावंडाला लगोरीचे नियम समजावून सांगायला लावा, हातवारे न करता. क्रम लागतो का? धाकट्याला कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हटलं जातं, की शब्द बदलले जातात? शब्द बदलणाऱ्याला समोरच्याचं मन वाचता येतंय, आणि ही वेगळी नोंद आहे.

तालासाठी दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या गटांत टाळीवर धरा, मग रूपकाच्या सात, तीन-दोन-दोन. मध्येच तुम्ही थांबा. मूल एकटं पुढे चालू ठेवतं का, ते बघा. तबल्याचा क्लास असेल तर वहीत तसं लिहा, कारण सराव म्हणजे उपजत कल नव्हे.

नोंदी सहसा बिघडतात त्या मोठ्यांमुळे. शाळेतून आल्या आल्या, उपाशीपोटी बसवणं. नजरेने उत्तर सुचवणं. शेजारी थोरल्या बहिणीला बसू देणं. तोच कागद लगेच पुन्हा दिला तर तुम्ही फक्त आठवण तपासता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बुद्धीचे सात प्रकार मांडले, पुढे निसर्गाची जाण हा आठवा आला. निरीक्षणाला दिशा म्हणून ही यादी कामाची आहे. पण या क्षमता एकमेकींपासून तुटलेल्या नसतात, आणि 'हा दृश्य बुद्धीचा, त्याला चित्रांतूनच शिकवा' याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. म्हणून वहीत 'कलाकार' असा शिक्का नको, 'भोकांची जागा ओळखली, आकडा चुकला' असं लिहा.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. ठसे जन्माआधीच ठरतात. त्यांवरून मुलाचा कल ओळखता येतो याला शास्त्रीय पुरावा नाही.

वाचन किंवा गणित वर्गाच्या बरंच मागे असेल, तर मात्र प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांकडे जा. बिने-कामत ही मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली बुद्धिमापन चाचणी ओळखीची असली तरी तिचे मानदंड (मुलाच्या गुणांची तुलना ज्यांच्याशी करतात ते आकडे) जुने आहेत, त्यामुळे कोणती चाचणी घ्यायची ते त्यांना ठरवू द्या. सोबत वही न्या, आणि मूल कुठे अडलं ती पानं आधी दाखवा.