पहिली कथा लिहायची कशी आणि दिवाळी अंकापर्यंत न्यायची कशी

नव्याने लिहायला बसणाऱ्याने कादंबरीला हात घालू नये. दीड ते दोन हजार शब्दांची एक कथा घ्यावी. ती रोज तासभर बसलं तर पंधरा दिवसांत पुरी होते, बिघडली तर फेकून देताना काळजाला फार लागत नाही आणि संपादकाला एका बैठकीत वाचता येते. शिवाय मराठीत कथेला दरवर्षी हक्काची जागा आहे. 1909 साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली दिवाळी अंकाची प्रथा अजून चालू आहे, आणि नवं नाव छापून येण्याचं सगळ्यात जवळचं दार तेच आहे.

लिहिण्याआधी महिनाभर वाचा, पण मोजून वाचा. सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच वाचनालयांत दिवाळीनंतर थोड्या वर्गणीत पुष्कळ अंक वाचायला मिळतात. जवळ तशी सोय नसेल तर पाचगणीजवळचं भिलार गाठा. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथल्या घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात आणि बसून वाचायला पैसे पडत नाहीत. वाचताना वहीत तीन गोष्टी टिपा: कथा साधारण किती शब्दांची आहे, पहिल्या दहा ओळींत काय घडतं आणि पात्रं किती आहेत. वीस कथा झाल्या की तुमच्या लक्षात येईल, दोन हजार शब्दांत तीन-चारच्या वर माणसं मावत नाहीत.

ठिकाण धरा, मग माणूस

विषय शोधत बसू नका. तुम्हाला आतून-बाहेरून माहीत असलेलं एक ठिकाण आणि तिथलं एक काम धरा. कराडकडचं गुऱ्हाळ, सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा सौदा, खटावातली चारा छावणी, काहीही चालेल. तिथं दोन तास नुसतं बसा आणि वस्तूंची, हालचालींची नावं गोळा करा. गुऱ्हाळावर काहिल, चुलवाण, चिपाडं, मळी, ढेप हे शब्द ऐकू येतात. असे शब्द वाक्यात आले की तिथलं चित्र उभं करायला वेगळं वर्णन लागत नाही.

हरिपूरची हळदीची पेवं घ्या. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात जमिनीत खोल खड्डे करून त्यांत हळद साठवायची रीत होती. नवा लेखक त्यावर बहुतेक असं लिहितो:

"हरिपूर हे एक निसर्गरम्य गाव होते. तेथील लोक अतिशय कष्टाळू होते. महादूच्या मनात विचारांचे काहूर माजले होते."

तीन वाक्यं झाली, पण दिसलं काहीच नाही. 'निसर्गरम्य' आणि 'कष्टाळू' हे लेखकाचे शेरे आहेत, आणि काहूर कुणाच्याही मनात माजवता येतं. तेच असं लिहून पाहा:

"पेवाचं तोंड सकाळीच उघडलं होतं. ऊन डोक्यावर आलं तरी कुणी आत उतरायचं नाव घेत नव्हतं. महादूनं कानावरची विडी काढली, बोटांत फिरवली आणि पुन्हा कानावर ठेवली."

बंद पेवात हवा कोंडते, उघडल्या उघडल्या आत उतरलं तर जीव जाऊ शकतो. हे इथं कुठंच सांगितलेलं नाही. पण माणसं थांबलीत, विडी पेटत नाही, तेव्हा काहीतरी धोका आहे हे वाचकाला कळतं आणि तो पुढचं वाक्य वाचतो. महादूच्या जिवाची घालमेल त्या विडीत आली आहे. पहिला खर्डा झाला की भावनेचं नाव घेणारं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा आणि त्या जागी हातापायांची एखादी हालचाल बसते का ते बघा. सगळीकडे बसणार नाही, निम्म्या ठिकाणी बसली तरी पुष्कळ झालं.

बोली आणि लेखन

संवाद बोलीत लिहायचे की नाही, हा आपल्याकडच्या लेखकाला हमखास पडणारा प्रश्न. जरूर लिहावेत, पण एकच बोली धरून. माणदेशी माणूस, कृष्णाकाठचा माणूस आणि कानडीच्या शेजारचा जतचा माणूस सारखं बोलत नाहीत. एक पात्र दुसऱ्या पानावर 'न्हाई' म्हणतं आणि तिसऱ्यावर 'नाही', असं झालं की वाचकाचा त्या माणसावरचा विश्वास उडतो. पात्राचे दहा-पंधरा नेहमीचे शब्द एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवा: व्हय, कवा, हितं, कुनाला. निवेदनाचंही तसंच. 'त्यानं केलं' असं लिहायचं की 'त्याने केले', हे पहिल्याच दिवशी ठरवा. दोन्ही बरोबर आहेत, मात्र एकाच कथेत दोन्ही आलेली संपादकाच्या डोळ्याला लगेच खुपतात.

शुद्धलेखनाचे मराठी साहित्य महामंडळाचे नियम अठराच आहेत, 1962 चे चौदा आणि 1972 चे चार. एका रविवारी वाचून होतात. सगळ्यात जास्त चुका सामान्यरूपात, म्हणजे शब्दाला प्रत्यय लागताना, होतात: विहीर पण विहिरीत, वकील पण वकिलाला, फूल पण फुलाला. एवढं सांभाळलं तरी निम्मा लाल रंग कमी होतो.

पहिला खर्डा आठ दिवस नजरेआड ठेवा. मग मोठ्यानं वाचा. जीभ अडखळते तिथं वाक्य लांबलेलं असतं. नव्या लेखकाचा पहिला परिच्छेद बहुधा हवामानाचा असतो आणि खरी कथा दुसऱ्यापासून सुरू होते. पहिला काढून टाका आणि काही अडतं का बघा. शेवटी कुणाचा तरी मृत्यू किंवा आत्महत्या घालून कथा बंद करायचा मोह होतो. त्या मृत्यूची तयारी आधीच्या पानांत नसेल तर तो शेवट लादलेला वाटतो आणि कथा तिथंच परत येते.

टायपिंग

हस्तलिखित घेणारे संपादक आता थोडे उरलेत. युनिकोडमध्ये टाइप करा. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला दोन-तीन आठवडे लागतात, पण जोडाक्षरांवर हुकमत येते. आपल्याकडे 'कऱ्हाड', 'गुऱ्हाळ', 'दुसऱ्या' हे शब्द पावलोपावली लागतात आणि हेच सगळ्यात जास्त बिघडतात. साधा र घेतला तर रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि 'गुर्हाळ' उमटतं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबा, मग शिफ्ट सोडून D, मग U. ऱ्ह नीट येतो.

पुष्कळ छापखाने अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटवर पानं लावतात. युनिकोडचा मजकूर तिकडे बदलून घेताना रफार, ऱ्य-ऱ्ह आणि अवतरणचिन्हं हलतात. म्हणून वर्ड फाइलसोबत पीडीएफही पाठवा, म्हणजे मूळ काय होतं ते ताडून पाहता येतं. अक्षर 14 पॉइंट, ओळींत दीड अंतर, पानांना क्रमांक. सजावट नको.

पाठवणं

दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी अंकांचं काम पावसाळ्यातच मार्गी लागतं. कथा मे-जूनमध्ये तयार हवी आणि जुलैच्या आत संपादकाच्या हातात. गणपतीत पाठवलेली कथा चांगली असली तरी बहुतेक वेळा पानं भरलेली असतात. अंकाचा पत्ता आणि ईमेल गेल्या वर्षीच्या अंकातच छापलेला असतो. तो अंक वाचल्याशिवाय कथा पाठवू नका. विनोदी अंकाला दुष्काळाची कथा जाते ती अशानंच.

सोबतचं पत्र चार ओळींचं पुरे:

"स.न. वि. वि. सोबत 'पेव' ही सुमारे 1,800 शब्दांची कथा पाठवत आहे. कथा अप्रकाशित आहे आणि अन्यत्र पाठवलेली नाही. मी तासगाव तालुक्यात शिक्षक आहे. निर्णय कळवावा, ही विनंती."

खाली नाव, पत्ता, फोन. कथेचा सारांश, स्वतःची स्तुती, कुणाची शिफारस यातलं काही घालू नका. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. दोन अंकांत एकच कथा छापून आली तर दोन्ही संपादक तुमचं नाव लक्षात ठेवतात, आणि ते चांगल्या अर्थानं नव्हे. उत्तर आलं नाही तर दीड-दोन महिन्यांनी एक आठवण करा. तरी उत्तर नसेल तर कथा मागे घेत असल्याचं लेखी कळवा आणि मगच दुसरीकडे पाठवा. कुठली कथा, कुणाला, कोणत्या तारखेला, याची वही ठेवा. मानधनाबद्दल स्वीकृती आल्यावर सरळ विचारावं, त्यात संकोच कसला?

पुस्तकाची घाई

दहा-बारा कथा अंकांत आल्या, त्यातल्या काहींवर वाचकांची पत्रं आली, की संग्रहाचा विचार करा. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात एका पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात, म्हणजे चाळीस हजार शब्दांचा संग्रह दीडशे पानांच्या आसपास जातो. छपाई सोळा पानांच्या फॉर्मनं, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यानं होते, त्यामुळे 144 किंवा 160 पानं परवडतात, 147 नाही.

इथं पैसे मागणारे भेटतात. लेखकाकडून छपाईचा पूर्ण खर्च घेऊन पाचशे प्रती काढायच्या आणि त्यातल्या बहुतेक लेखकाच्याच घरी पोचवायच्या, हा व्यवहार जोरात चालतो. पैसे देण्याआधी प्रती किती, कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड), प्रुफं (छपाईआधी तपासायची पानं) कोण तपासणार आणि विक्री कोण करणार, हे लेखी घ्या. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक भारतात मोफत मिळतो, त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर तिथंच थांबा. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात बघा. ती पहिल्या पुस्तकासाठी आहे, म्हणून पदरमोड करून पुस्तक काढायच्या आधीच तिचा विचार करायला हवा.

करारावर सही करताना 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 19 माहीत असू द्या. हक्कांचं हस्तांतरण लेखीच असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. 'सर्व हक्क कायमचे' अशी ओळ दिसली तर ती खोडायला सांगा. भाषांतर, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क स्वतःकडे ठेवा. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही.

प्रुफं हातात आली की एकदा अर्थासाठी वाचा आणि दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीपासून वर जात, नुसती अक्षरं बघत. उलटं वाचलं की गोष्ट ओढून नेत नाही आणि 'गुर्हाळ' सापडतं.