प्लायवुडच्या नावावर निलगिरी लावताय? मृगाआधी एवढं बघून घ्या

रोहिणी लागल्या की नर्सरीवाल्यांचे टेम्पो मोहोळ, माढा, सांगोला साईडला फिरायला लागतात, निलगिरी घ्या, मलबार नीम घ्या, महोगनी घ्या, प्लायवुडला एक्सपोर्ट डिमांड लई आहे म्हणतात. रोप घ्यायला हरकत नाही पण एक्सपोर्ट हा शब्द ऐकून खिशात हात घालू नका. आपल्याकडं बनणारा बहुतेक प्लाय आन बोर्ड देशातच खपतो, मग बाहेरच्या बाजाराचा संबंध कुठं येतो तर बाहेरून किती माल आत येतो तिथं.

2021 ला कंटेनरचं भाडं कितीतरी पट वाढलं, बाहेरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, महाग पडायला लागला, इथले प्लँट फुल चालले आणि त्या जोरावर नवीन प्लँट उभे राहिले. नंतर भाडं उतरलं, व्हिएतनाम-थायलंडकडचा माल परत स्वस्तात यायला लागला, तोवर प्लँट वाढल्यामुळं लाकडाला ओढ लागली होती, म्हणजे बोर्डाचा रेट दबलेला आणि लाकूड मात्र तेजीत. असं जास्त दिवस टिकत नसतं. 2025 च्या फेब्रुवारीपासून प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्डला आयएसआय मार्क सक्तीचा झाला, बाहेरच्या फॅक्टरीलाही आपल्या बीआयएसचं, म्हणजे हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं, लायसन लागतं, त्यामुळं हलका माल थोडा अडतो. पण तिकडं अमेरिकेनं चीनच्या प्लायवर 2018 पासून जबर ड्युटी लावलीय, त्या ऑर्डरी व्हिएतनाम, इंडोनेशियाकडं गेल्या, आणि 2025 ला अमेरिकेतल्याच कंपन्यांनी या दोन देशांच्या मालावरही ड्युटी लावा म्हणून तक्रार टाकली. तिथं अडलेला माल गिऱ्हाईक शोधत कुठंतरी जाणारच, आपलं मार्केट मोठं आहे, मला तरी हीच धास्ती जास्त वाटते.

अजून एक, प्लायवर वरून दिसणारा जो भारी लाकडाचा थर असतो ना, फेस म्हणतात त्याला, तो कागदासारखा पातळ असतो आणि बराचसा बाहेरून येतो. पूर्वी बर्माचं गर्जन नावाचं लाकूड यायचं, 2014 ला बर्मानं गोल लाकूड बाहेर द्यायचं बंद केलं, मग आफ्रिकेतल्या गॅबनचं ओकुमे लाकूड आलं, त्यांनीही 2010 पासूनच गोल लाकूड बंद केलेलं, तिथंच पातळ थर सोलून पाठवतात. आपली निलगिरी जाते आतल्या थरांना, म्हणजे कोअरला. तेव्हा "इंटरनॅशनल क्वालिटी टिंबर" वगैरे जे काय सांगतात ते ऐकून सोडून द्यायचं, कोअरचा भाव मिल किती लांब आहे त्यावर ठरतो. एमडीएफचे मोठे प्लँट चिक्कमगळूर, तिरुपतीजवळ श्रीकाळहस्ती, विशाखापट्टणम अशा ठिकाणी, प्लायचं गाव म्हणजे हरियाणातलं यमुनानगर नाहीतर गुजरातचं गांधीधाम. सोलापुरातून ट्रक भरून तिकडं न्यायचं म्हटलं तर भाड्यातच निम्मा जीव जातो. म्हणून रोप घ्यायच्या आधी कर्नाटकातली नाहीतर आपल्या भागातली जवळची मिल, चिपर (लाकडाचे बारीक तुकडे करणारा), वखार शोधा, फोन लावा, ते वजनावर घेतात की घेरावर, साल काढून लागतं का, हे विचारा.

घेराचं महत्त्व यमुनानगरला कळतं. तिथं पॉपलरचे, म्हणजे तिकडच्या प्लायच्या झाडाचे, भावच घेरावर, 24 इंचाच्या वरचा "ओव्हर", 18 ते 24 "अंडर", त्याखालचा "सोक्ता", आणि रेटमध्ये चांगलाच फरक. 2000 नंतर तिथं सगळ्यांची झाडं एकदम तोडीला आली तेव्हा भाव असा कोसळला की लोकांनी पॉपलर लावायचंच सोडलं, मग काही वर्षांनी टंचाई आली आणि परत तेजी. आज तेजी बघून लावलेलं झाड 5-6 वर्षांनी निघणार, त्यामुळं सगळं रान घालू नका, एखादा एकर किंवा नुसता बांध बास.

आता जमिनीचं. उजनीच्या कॅनॉलखाली पाणी साचून खारवट झालेला जो तुकडा असतो, जिथं ऊसही धड येत नाही, तिथं निलगिरी लावा, ती तग धरते आणि पाणीही ओढते. चांगल्या बागायतीत मात्र नको, तिथं डाळिंब आहे की. मलबार नीमला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, भारी चिकट काळ्या रानात लावलात तर मुळं कुजतात. सुबाभूळ हलक्या रानात चालते, शेळ्यांना पालाही होतो, पण शेंगा वेळेत काढा नाहीतर बी पडून शेजाऱ्याच्या रानात उगवतं आणि भांडणं सुरू होतात. खड्डे आत्ताच दीड फुटाचे घेऊन उन्हात तापू द्या, भरताना निंबोळी पेंड टाका कारण निलगिरीला वाळवी लवकर लागते, आणि लागण मृगाचा पहिला पाऊस जिरल्यावर. पहिले दोन उन्हाळे ड्रिप लागतंच, आपला पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, नुसत्या पावसावर घेर भरत नाही. बांधावर लावणार असाल तर मालदांडी ज्वारीच्या चार-पाच ओळी सावलीनं आणि मुळांनी जाणार हे धरूनच हिशोब करा.

मलबार नीम प्लायला द्यायचा असेल तर बुंधा सरळ पाहिजे. पहिली दोन वर्षं खोडावर जो बाजूचा कोवळा डोळा फुटतो तो अंगठ्यानं खुडायचा, एक मिनिटाचं काम. तो वाढू दिला आणि मग कोयत्यानं तोडला की गाठ पडते, लेथवर, म्हणजे ओंडका फिरवून थर काढणाऱ्या मशीनवर, सोलताना नेमका तिथं पापुद्रा फाटतो आणि मिलवाला तुमचं लाकूड चिपिंगच्या रेटला टाकतो.

वजनावर विकायचं असेल तर तोडून बांधावर वाळत ठेवू नका, उन्हात ओल उडाली की वजन भराभर घटतं, गाडी ठरल्यावरच करवत लावा. लागण झाल्यावर तलाठ्याकडं सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. साग, आंबा, चिंच तोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत येतात, बांधावर तीही असतील तर सगळं एकाच गाडीत भरू नका, वाटेत गाडी अडवली तर निस्तरत बसाल.

"आम्हीच परत विकत घेऊ" असा करार देणारे येतील, महोगनीवाले तर हमखास. भाव आकड्यात लिहिलाय का, तोड आणि भाडं कुणाच्या अंगावर, घेर मोजणार की वजन करणार, हे कागदावर नसेल तर रोपाचे पैसे देऊ नका, दिलेच तर पक्की पावती घ्या ज्यावर रोपांची जात आणि संख्या लिहिलेली असेल.