लोकायुक्तांकडे जाण्याआधी पोच घ्या

फेरफार (जमिनीच्या नोंदीत नाव बदलणं) महिनोन्‌महिने अडलाय, तलाठी कार्यालयात खेटे घालून चपला झिजल्यात? अशा दिरंगाईची तक्रार लोकायुक्तांकडे, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या राज्याच्या यंत्रणेकडे, करता येते. पण आधी खात्याकडे लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का मारून घ्या. ‘साहेब आल्यावर देतो’ म्हणाले, तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवा. ती पावतीही चालते. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात गाऱ्हाण्याला, प्रकार कळल्यापासून १२ महिन्यांची मुदत आहे. भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. लोकायुक्त हुकूम सोडत नाहीत, शिफारस करतात. तरी वरून अहवाल मागवला की ‘सापडत नसलेली’ फाइल बहुधा सापडते!